बाळंतविडा शिवणाऱ्यांसाठी

बाळाच्या जन्मानिमित्त आजोळहून, आत्याकडून किंवा मावशीकडून येणारा कपड्यालत्त्यांचा आहेर म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट, लोकरीचे मोजे, लहानशी गोधडी, मोहरीची उशी, मनगट्या, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे असा त्याचा पसारा असतो आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू आजही हौसेने घरी शिवल्या जातात. ही हौस मोलाची आहे, ती टिकायला हवी. मात्र कारखान्यात तयार होऊन निर्यात होणाऱ्या बाळकपड्यांना नाड्या, गुंड्या आणि रंग यांच्या ठरलेल्या कसोट्या पार कराव्या लागतात. घरी शिवलेला कपडा तपासायला शिवणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसरे कोणी नसते. बारशाला आलेल्या बायका कुंचीची दर्शनी बाजू पाहून कौतुक करतात. बाळाच्या अंगाशी मात्र तिची उलटी बाजू असते. म्हणून बाळाच्या कपड्याची पारख नेहमी उलट बाजूने करावी.

कापडापासून सुरुवात करावी. झबल्यासाठी मलमल, वायल किंवा मऊ कँब्रिक चांगले, थंडीच्या गावी फलाटीण. पूर्वी दुपटी आणि लंगोट जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे करत. त्यामागे काटकसर होतीच, पण कापडाची जाणही होती. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, ते आटायचे तेवढे आटलेले असते, जादा रंग उतरलेला असतो आणि पोत मऊ झालेला असतो. नव्या कापडाला हे सगळे गुण धुण्यानेच येतात. त्यामुळे ठाणातले कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटत असेल, तर पहिल्याच धुण्यात शिवणीवर चुण्या पडतात. त्या दिसायला वाईट दिसतात आणि बाळाच्या काखेत, मानेच्या वळीत रुततातही.

रंगाचा प्रश्न खणाच्या कुंचीत विशेष येतो. गुळेदगुड्डचा खण, इरकली काठ, गडद लाल आणि हिरवे रंग ही बाळंतविड्याची शोभा असते, पण कुंचीचा कोपरा थोड्याच वेळात बाळाच्या तोंडात जातो. ओला केलेला पांढरा रुमाल कापडावर जोराने घासून पाहावा. त्याला रंग लागला तर ते कापड बाळाच्या तोंडाजवळ येईल अशा कपड्याला वापरू नये. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असा सर्वत्र समज आहे. गिरणीतून रंगून आलेल्या कापडाच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आरोग्याला घातक ठरलेल्या काही अझो रंगांच्या वापरावर भारत सरकारने १९९७ साली बंदी घातली. पण आठवडी बाजारातल्या विनानावाच्या कापडावर कोणता रंग आहे हे कळायला घरी काही साधन नसते. जरीचेही तसेच आहे. पैठणीच्या काठाची झबली फोटोत देखणी दिसतात, पण जरीचा पदर मानेला लागून कातडी लाल होते. जरीकाठ लावायचाच असेल तर मागून मलमलीचे अस्तर पूर्ण झाकेल असे घालावे.

बेतताना लक्ष डोक्याकडे ठेवावे. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांत तो ४३च्या आसपास जातो आणि वर्षाअखेर ४६च्या. बाहुलीच्या मापाचे, गोल गळ्याचे झबले डोक्यातून काढताना बाळ रडून लाल होते, त्याचे कारण हेच. पुढून एकावर एक येऊन बगलेत बांधायचे, अंगरख्याच्या धाटणीचे झबले सर्वांत सोयीचे. ते डोक्यातून घालावे लागत नाही आणि पाठीवर निजलेल्या बाळाला गाठ टोचत नाही. मानेमागे बंद असलेली जुन्या पद्धतीची झबली शिवूच नयेत. पहिल्या काही आठवड्यांच्या मापाचे चार-पाच नग पुरतात. बाकी सगळे तीन ते सहा महिन्यांच्या मापाने बेतावे, नाहीतर मेहनतीने शिवलेला आहेर घडीतच राहतो.

बंद आणि नाड्या हा सर्वांत गंभीर विषय आहे. टोपऱ्याची नाडी हनुवटीखाली बांधतात, कुंचीला गळ्याशी लांब गोफ लावतात आणि टोकाला गोंडे सोडतात. तान्ह्या बाळाने मान फिरवली, टोपरे मागे सरकले, की हीच नाडी गळ्यावर येते. रांगत्या आणि चालत्या मुलाची नाडी पाळण्याच्या कडीत, खिडकीच्या गजात, घसरगुंडीच्या फटीत अडकते आणि मुलाच्या वजनाने आवळली जाते. अशा दुर्घटनांमध्ये मुले दगावल्यामुळेच अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या वरच्या कपड्यांच्या टोपीला आणि गळ्याला ओढनाडी नसावी, असे मार्गदर्शन काढले. सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना डोक्याशी व गळ्याशी नाडी असू नये, असे युरोपीय मानक सांगते. आपल्याकडच्या कुंचीलाही गळा तोच आणि धोका तोच आहे. टोपरे नीट बेतले तर नाडीशिवाय डोक्यावर राहते. कानांवरून खाली येणारी पाळ आणि मागे रुंद, सैल इलॅस्टिक एवढे पुरते. कुंची गळ्याशी बांधण्याऐवजी छातीवर एका प्रेसबटणाने जोडावी, म्हणजे ओढ बसताच ती सुटते. इलॅस्टिक जिथे जिथे घालाल तिथे खालून दोन बोटे सहज गेली पाहिजेत. मांडीवर किंवा मनगटावर वळ उठला तर ते त्याच दिवशी उसवावे.

काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि गळ्यातला काळा गोफ दृष्ट लागू नये म्हणून घालतात. ज्या घरात तो रिवाज आहे तिथे मनगट्या बारशापुरत्या, कोणीतरी मोठे माणूस मांडीवर घेऊन बसले असताना घालाव्यात आणि निजवण्यापूर्वी काढाव्यात. गळ्यातला गोफ मात्र तान्ह्या बाळाला अजिबात नको. याबाबतीत वडीलधाऱ्यांचा राग पत्करावा लागला तरी चालेल.

आता आतल्या बाजूकडे. प्रस्तुत लेखिकेच्या नात्यातले एक बाळ एका संध्याकाळी काही केल्या रडायचे थांबेना. पोटात गुबारा धरला असेल म्हणून बेंबीभोवती हिंग लावून झाले, पाठ थोपटून झाली. शेवटी अंग पुसायला म्हणून मोजे काढले, तेव्हा उजव्या पायाचे मधले बोट जांभळे पडलेले दिसले. मोज्यावर भरतकामाचा छानसा उंदीर होता. त्याच्या मागच्या बाजूला रेशमाचा एक लांब धागा मोकळा राहिला होता आणि तो बोटाला दोन वेढे घेऊन मांसात इतका रुतला होता की नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. डॉक्टरांनी तो कापून काढला आणि बोट वाचले. वैद्यकात हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. केस किंवा धागा बोटाला आवळला जातो, सूज येते, सुजेने धागा आणखी रुततो आणि रक्तपुरवठा बंद पडतो. वेळ गेला तर बोट गमवावे लागते. विनाकारण रडणाऱ्या बाळाची हातापायांची वीसही बोटे पाहावीत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

म्हणून मोजे आणि हातमोजे यांवर भरतकाम नकोच. झबल्यावर करायचे असेल तर मागे लांब टाके सोडू नयेत. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना धागा तोडून नव्याने सुरू करावा आणि टोके टाक्यांखालून ओवून टाकावीत. या बाबतीत कर्नाटकी कशिद्याकडून खूप शिकण्यासारखे आहे. इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या आणि कुंच्या यांवर परंपरेने होत आलेल्या या कामात गाठ मारत नाहीत. त्यातले गवंती आणि मुरगी हे टाके असे घालतात की नक्षी सुलट-उलट सारखीच उमटते. जाताना धावदोरा घालायचा आणि परतताना त्याच रेषेवरून रिकाम्या जागा भरत यायचे. त्यामुळे मागे तरंगता धागा उरत नाही. बाळाच्या कपड्यासाठी याहून चांगले भरतकाम आपल्या भागात शोधून सापडणार नाही.

शिवणीही अशाच पारखाव्यात. नुसत्या ओव्हरलॉकच्या कडा मोठ्यांना जाणवत नाहीत, तान्ह्याला त्या टोचतात. झबल्याच्या बाजूच्या शिवणी आधी सुलट बाजूने अगदी कडेला घालाव्यात, मग कापड उलटून दुसऱ्यांदा घालाव्यात, म्हणजे दसे आत बंद होतात. नायलॉनचा पारदर्शक दोरा बाळाच्या कपड्याला कधीही वापरू नये, त्याचे तुटके टोक सुईसारखे लागते. शिवून झाल्यावर कपडा उलटा करून गालावरून फिरवावा. हाताच्या बोटांना जे कळत नाही ते गालाला कळते.

सजावटीत मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू आणि गुंड्या येतात. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते. खेळण्यांचे सुटे भाग किती लहान असले की धोक्याचे, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत १९८० पासून एक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे साधारण लहान मुलाच्या घशाएवढा असतो. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती बाळाच्या हाती द्यायची नाही. या मापाने पाहिले तर कुंचीवरचा प्रत्येक मणी बाद होतो. ग्लू गनने चिकटवलेली फुले आणि खडे तर दोन धुण्यांत सुटतात. एका दोऱ्यात ओवलेली मोत्यांची झालर आणखी वाईट, कारण दोरा एकदा तुटला की सगळे मोती अंथरुणात पसरतात. बारशाच्या कुंचीला मोती हवेतच असा आग्रह असेल, तर प्रत्येक मोती दुहेरी दोऱ्याने स्वतंत्र टाकावा, त्यामागे गाठ पक्की करावी आणि ती कुंची समारंभ आटोपताच घडी घालून ठेवावी. रोजच्या वापरासाठी कापडाच्याच तुकड्यांची नक्षी, रंगीत गोट, चुण्यांची झालर आणि साधा धावदोरा यांतूनही भरपूर शोभा आणता येते.

थोड्या मोठ्या मुलींसाठी दिवाळीत नेटचे घेरदार फ्रॉक आणि परकर-पोलकी शिवतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर जळताना वितळून कातडीला चिकटते. पणत्या आणि फुलबाज्यांच्या दिवसांत सैल, जमिनीवर लोळणारा घेर कोणत्याच कापडाचा नको. सुती, घोट्याच्या वर राहणारा परकर उत्तम.

लोकरीच्या कामाबद्दल थोडक्यात. बाजारात बाळांसाठी म्हणून मिळणारी लोकर बहुधा ॲक्रिलिक असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिने घामोळे येते. तिथे सुती दोऱ्याचा क्रोशा करावा. टाका घट्ट असावा, जाळीच्या भोकांत बोटे अडकतात. लांब लवेची लोकर नको, ती तोंडात जाते. जन्मानंतर लगेच बाळाला ऊब हवी म्हणून टोपरे घालतात ते योग्यच. पुढे घरात, विशेषतः झोपेत, डोके झाकून ठेवल्याने बाळाला उकडते.

गोधडी आणि उशी यांबाबत जुने आणि नवे यांत थेट विरोध आहे आणि नव्याच्या बाजूने कौल द्यायला हवा. पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवावे. जवळ उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था अनेक वर्षे हेच सांगत आली आहे. झोपेत बाळाचा श्वास कोंडण्याचा धोका त्याने कमी होतो. म्हणजे आजीच्या लुगड्याची गोधडी टाकून द्यायची नाही. तिला दोन-तीन पदरांचीच ठेवावी, धावदोरा जवळजवळ घालावा म्हणजे ती फुगत नाही, आणि बाळ जागे असताना खेळायला जमिनीवर अंथरावी. तिला आत सिंथेटिक साड्यांचे थर घालू नयेत. डोके गोल व्हावे म्हणून देतात ती मोहरीची उशी मात्र बाळंतविड्यातून वगळावी. एक तर बाळाला उशीची गरज नसते, आणि शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जाऊ शकतात. चिमणाळे हाताला येणार नाही इतके उंच टांगावे आणि बाळ हातांवर रेटून अंग उचलू लागले, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, उतरवावे.

शेवटचा मुद्दा जपून ठेवलेल्या कपड्यांचा. थोरल्याची झबली, आईची स्वतःची कुंची, पणजीने शिवलेली गोधडी हे सगळे ट्रंकेतून थेट नव्या बाळाच्या अंगावर येते आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनची वाफ कपड्यांत मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते. ती मुलग्यांत अधिक आढळते आणि बहुतेक वेळा घरच्यांना ठाऊकही नसते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, कावीळ झपाट्याने चढते आणि ती मेंदूला इजा करण्याइतकी वाढू शकते. कपडे नुसते झटकून वापरल्याने हा धोका टळत नाही. बाळाच्या कपड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या कधीच ठेवू नयेत, कापूरही नको. वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवावेत आणि वर्षातून एकदोनदा कपड्यांना ऊन दाखवावे. पूर्वी गोळ्यांत ठेवलेले कपडे अनेकदा धुऊन, कित्येक दिवस उन्हावाऱ्यात ठेवूनही वास राहिला, तर ते बाळाला घालू नयेत, आठवण म्हणून वेगळे ठेवावेत. बाळ पिवळे दिसले, फिकट पडले, दूध प्यायला कंटाळू लागले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले होते, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे.