हलणाऱ्या पाण्यातला चेहरा

विद्यार्थी मित्रांनो, तेल्हाऱ्याच्या एखाद्या शाळेतला आठवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा चालू आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहतो आणि विचारतो, "सर, धरनाच्या पान्यात पायलं त आपलं तोंड असं वाकडंतिकडं काऊन दिसते?"

प्रश्न उत्तम आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी येथील वान नदीच्या धरणावर जाऊन ज्याने पाण्याकडे नीट पाहिले आहे, त्यालाच तो सुचेल. पण मोठ्या शहरातून नुकताच आलेला एक विद्यार्थी 'काऊन' हा शब्द ऐकून फिस्सकन हसतो. त्याचे पाहून आणखी दोघेतिघे हसतात. मुलगा खाली बसतो. त्यानंतर वर्षभर तो एकही प्रश्न विचारीत नाही.

आता आपल्यापुढे दोन प्रश्न आले. पाण्यात तोंड वाकडे का दिसते, हा पहिला. तो मुलगा गप्प का झाला, हा दुसरा. पहिला भौतिकशास्त्राचा, दुसरा मानसशास्त्राचा. गंमत अशी, की एका जुन्या चलच्चित्रपटात हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात.

एक शब्दही नसलेले संभाषण

कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. गदिमांच्या गाण्यातून ती घरोघरी पोचली आहे. मूळ कथा डेन्मार्कचे लेखक हान्स अँडरसन यांची, १८४३ सालची. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेने तिच्यावर १९३९ साली सुमारे नऊ मिनिटांचा रंगीत चित्रपट काढला. त्याला व्यंगचित्र लघुपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. या चित्रपटातली पात्रे माणसांसारखी बोलत नाहीत. आवाज, हावभाव आणि हालचाल एवढ्यावरच त्यांचे सारे संभाषण चालते. म्हणूनच अभ्यासाला तो फार सोयीचा आहे.

शेवटच्या अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पिवळे नसून पांढरे असते, आणि त्याचा आवाजही भावंडांपेक्षा निराळा असतो. बदकांची आई इतर पिल्लांना घेऊन निघून जाते. मागे राहिलेले पिल्लू पाण्यात डोकावते. पाणी हलत असते. त्यात त्याला स्वतःचा वेडावाकडा, भेसूर चेहरा दिसतो, आणि ते रडू लागते.

येथे थांबून विचार करा. तो चेहरा खरा होता का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर

स्थिर पाण्याचा पृष्ठभाग सपाट आरशासारखा असतो. त्यावर पडलेले किरण नियमाप्रमाणे परावर्तित होतात आणि प्रतिमा सरळ दिसते. वाऱ्याने लाटा उठल्या, की पृष्ठभागाचा प्रत्येक लहान तुकडा वेगळ्या कोनात कलतो. परावर्तनाचा नियम तोच राहतो. पण प्रत्येक तुकडा किरण वेगळ्या दिशेला पाठवतो. नाक एका ठिकाणी दिसते, तर कान भलतीकडे. दोष चेहऱ्यात नसतो, हलणाऱ्या आरशात असतो.

पिल्लाला हे कळले नाही. कारण पाण्यात पाहण्यापूर्वीच त्याने दुसऱ्या एका आरशात पाहिले होते. तो आरसा म्हणजे बदकांचे डोळे.

माणसांचा आरसा

आपण कोण आहोत, कसे आहोत, आपल्याला काय जमते, याविषयी प्रत्येकाच्या मनात एक चित्र असते. त्याला 'स्व-संकल्पना' म्हणतात. हे चित्र आपण एकट्याने काढीत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली आपल्या ग्रंथात हे आरशाच्या उपमेने समजावून सांगितले. त्यात तीन पायऱ्या आहेत. समोरच्याला आपण कसे दिसत असू, याची आपण कल्पना करतो. तो आपल्याविषयी काय मत बनवीत असेल, याची कल्पना करतो. आणि त्यावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो किंवा लाज तरी.

ध्यानात घ्या, पहिल्या दोन्ही पायऱ्या आपल्या कल्पनेच्या आहेत. वर्गात हसणारे तिघेचौघेच होते. त्या मुलाला मात्र सारा वर्ग हसल्यासारखे वाटले असेल.

मनातल्या या चित्राचा परिणाम बोलण्यावर होतो. स्वतःला कुरूप समजणारे पिल्लू पुढे लाकडाच्या बनावट बदकाशी सलगी करू पाहते. जिवंतांनी झिडकारल्यावर न बोलणारी वस्तूच त्याला जवळची वाटते. आपल्या वर्गातला मुलगाही असाच वही-पुस्तकात तोंड खुपसून बसेल. मग इतर म्हणतील, "याला काही येतच नाही." ते त्याला विचारणार नाहीत, म्हणून तो बोलणार नाही, तो बोलणार नाही, म्हणून ते विचारणार नाहीत. असे हे दुष्टचक्र फिरत राहते.

दूरध्वनीवरचा प्रयोग

हे चक्र खरोखर असते का? मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला. तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी तरुण-तरुणींच्या जोड्या लावून त्यांना दूरध्वनीवर बोलायला सांगितले. बोलण्यापूर्वी तरुणाला एक छायाचित्र दिले. काहींना देखण्या स्त्रीचे, काहींना तशा नसलेल्या स्त्रीचे. छायाचित्र त्या तरुणीचे नव्हतेच, आणि तिला याची कल्पनाही नव्हती.

नंतर केवळ तरुणींचे बोलणे त्रयस्थ परीक्षकांना ऐकविले. ज्यांना देखणे समजून तरुण बोलले होते, त्या तरुणींचे बोलणे अधिक मोकळे आणि आपुलकीचे वाटले. म्हणजे समोरच्याने जशी अपेक्षा धरली, तसे उत्तर त्याला मिळाले!

यातच आशेची जागा आहे. चक्र उलटेही फिरवता येते. चित्रपटात रडणाऱ्या पिल्लाला राजहंसांचे कुटुंब जवळ घेते. आता त्याचा तोच रंग आणि तोच आवाज कोणाला खटकत नाही. पिल्लू बदललेले नसते, आरसा बदललेला असतो. आणि तेवढ्याने ते मान ताठ करून पोहू लागते.

पण दुसरे तळे कोठून आणायचे?

चित्रपटाचा शेवट गोड आहे, तरी मला एक गोष्ट खटकते. पिल्लाला न्याय मिळाला तो दुसऱ्या कुटुंबात. आपल्या वर्गातल्या मुलाने कोठे जायचे? त्याला याच तळ्यात राहायचे आहे. तेव्हा बदलायचे असेल, तर बदकांनीच बदलले पाहिजे.

त्यासाठी थोडे ज्ञान पुरते. वऱ्हाडी ही मोडकी मराठी नव्हे. तिला स्वतःचे नियम आहेत. 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया', 'शाळा'ची 'शाया' होते. हा उच्चार चुकून झालेला नाही, 'ळ'च्या जागी 'य' येण्याची ती रीतच आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला. उद्धव शेळके यांनी 'धग' या कादंबरीत वऱ्हाडी बोली वापरली, विठ्ठल वाघ यांनी तिच्यात कविता लिहिली. प्रमाण भाषा शिकायची, ती परीक्षेसाठी आणि दूरच्या वाचकांसाठी. घरच्या बोलीची लाज वाटावी म्हणून नव्हे.

करून पाहा

१. परातीत पाणी घेऊन खिडकीजवळ ठेवा. पाणी स्थिर असताना तोंड पाहा. मग कडेला हलकेच टिचकी मारा आणि पुन्हा पाहा.

२. 'मी कोण?' या प्रश्नाची वीस उत्तरे कागदावर लिहा. कून आणि मॅकपार्टलंड या शास्त्रज्ञांनी १९५४ साली ही साधी चाचणी मांडली. आता प्रत्येक उत्तरापुढे लिहा : हे मला स्वतःच्या अनुभवावरून कळले, की कोणी म्हणाले म्हणून? कागद कोणाला दाखवायची गरज नाही.

३. शिक्षकांसाठी : आठवडाभर टिपून ठेवा, वर्गात एकदाही प्रश्न न विचारणारे कोण? त्यांना एखादा प्रश्न घरच्या बोलीत विचारायला सांगा आणि उत्तर फळ्यावर सर्वांसाठी लिहा.

आणि मित्रांनो, यापुढे वर्गात कोणी "काऊन?" असे विचारले, तर हसण्याआधी एकदा स्वतःला विचारा : याचे उत्तर मला तरी ठाऊक आहे का?