शब्द आणि करार

मुंबईत नोकरी लागली, तरी राहावयास जागा मिळेपर्यंत मनुष्याच्या जिवास स्वस्थता नसते. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या एका तरुणास बऱ्याच शोधानंतर गिरगावात एका खोलीची जागा मिळाली. त्याच खोलीत ओटा, मोरी आणि निजावयाची सोय. अनामत रक्कम त्याच्या आईने आपल्या पाटल्या मोडून दिली होती.

मालक वृद्ध व सज्जन होते. ते म्हणाले, "माझा शब्द आहे, कागद कशास हवा?"

करार मागावा, तर अविश्वास दिसावा. न मागावा, तर आईचे रिकामे हात डोळ्यांपुढे यावेत. अखेर तरुण नम्रपणे म्हणाला, "आजोबा, आपल्या शब्दावर माझा विश्वास आहे. परंतु उद्या व्यवहार पाहावयास दुसरे कोणी आले, तर त्यांस तो शब्द कसा कळावा?"

वृद्ध क्षणभर स्तब्ध राहिले. मग हसून त्यांनी चष्मा चढविला. भाडे, अनामत, मुदत व दुरुस्ती यांच्या अटी कागदावर उतरल्या आणि कराराची रीतसर नोंदणी झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याप्रमाणे असा करार लेखी व नोंदणी केलेला असावा लागतो; नोंदणीची जबाबदारी मालकावर असते.

मुदत संपण्यापूर्वीच ते गृहस्थ निवर्तले. परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलास या व्यवहाराची काहीच माहिती नव्हती. त्याने करार वाचला, खालची वडिलांची सही पाहिली आणि तरुणाने खोली सोडताना सगळी अनामत परत केली. त्या वर्षी गणपतीस तरुण घरी गेला, तो आईसाठी पाटल्या घेऊनच.

बोललेला शब्द माणसाबरोबर जातो. लिहिलेला शब्द मागे राहून त्याची पत राखतो.