वाटाड्याची चार घड्याळे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने नेटवर्कच्या स्विचवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती या तिन्हींचे अर्ज मी संगणकावरूनच भरले. ते ज्या वाटेने गेले ती कोण ठरवतो, हे मला जाणून घ्यावेसे वाटले. माझा मामेभाऊ एका कार्यालयाचे नेटवर्क सांभाळतो. त्याच्याजवळ बसून मी हे शिकलो.

नागपूरहून येणारी गाडी आपल्या जिल्ह्यात एकतर वर्धा, पुलगाववरून मुंबईकडे जाते, नाहीतर सेवाग्राम, हिंगणघाटवरून बल्लारशाकडे. रेल्वेला वेळापत्रक असते. मार्ग दाखविणारा स्विच मात्र शेजारच्या स्विचांच्या निरोपांवर विसंबतो. या निरोपांच्या नियमांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. त्यांपैकी 'रिप' हा जुना व सोपा. चार्ल्स हेड्रिक यांनी त्याचे नियम जून १९८८ मध्ये लेखी मांडले.

बाबा हिंगणघाटला हमालीला गेले की रोज रात्री फोन करतात. एक रात्र फोन आला नाही तर आई धीर धरते; तिसऱ्या रात्रीही आला नाही तर चौकशीला निघते. स्विचचेही तसेच आहे. सिस्कोच्या यंत्रावर रिपची नेहमीची घड्याळे चार. दर ३० सेकंदांनी निरोप पाठवायचा. १८० सेकंद निरोप आला नाही तर ती वाट बंद समजायची. त्यानंतर १८० सेकंदांपर्यंत त्या वाटेविषयीच्या उलटसुलट बातम्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पण शेवटच्या निरोपापासून २४० सेकंद झाले की ती वाट वहीतून खोडायची. म्हणून तिसरे घड्याळ बहुधा पुरे होतच नाही.

हे आकडे पाहण्यासाठी 'शो आयपी प्रोटोकॉल्स' ही आज्ञा देतात. पुढचा निरोप किती सेकंदांनी जाणार, हेही तेथे दिसते. नुसते पाहिल्याने काहीही बदलत नाही, म्हणून नवशिक्यानेही भिऊ नये. शेजारच्या स्विचवरही तेच आकडे आहेत ना, हे मात्र ताडून पाहावे. एकजण ६० सेकंदांनी निरोप देत असेल आणि दुसरा ४५ सेकंदांतच आशा सोडत असेल, तर चालू वाटही पुनःपुन्हा बंद ठरेल.

स्विचची स्वतःची तार तुटली तर त्याला लगेच कळते. दूरवर कोठे बिघडले तर मात्र घड्याळाचीच वाट पाहावी लागते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या घटकेला, ती तीन मिनिटे एखाद्या मुलाचे वर्ष बुडवू शकतात. मग आकडे अगदी लहान का ठेवू नयेत? कारण मग एखादा निरोप वाटेत हरवला तरी जिवंत वाट मेलेली ठरेल. 'ओएसपीएफ' या नंतरच्या प्रोटोकॉलमध्ये साधारणतः १० सेकंदांनी हाक देतात आणि ४० सेकंद वाट पाहतात. म्हणजे तेथेही चार हाकांची सवड आहेच.

मौन म्हणजे मरण नव्हे. पण मौनाची मर्यादा कोणीतरी ठरवावीच लागते. ती किती ठरली आहे, हे आधी वाचावे आणि मगच बदलावे.