स्वादुपिंडामागची धमनी

अद्वैत : मावशी, सासऱ्यांना बेळगावहून बेंगळुरूला आणलंय. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ निघाली. दुर्बिणीतून करता येईल म्हणतात. म्हणजे ऑपरेशन छोटंच ना?

मावशी : छिद्रं छोटी, ऑपरेशन तेवढंच मोठं. व्हिपल म्हणतात त्याला. स्वादुपिंडाचं डोकं, त्याला वेढून बसलेलं आद्यांत्र, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग, हे काढायचं आणि उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर पुन्हा आतड्याला जोडायचं.

अद्वैत : धोका कुठे असतो?

मावशी : जोड गळण्याची भीती नंतर. आधी रक्तस्रावाची. स्वादुपिंडाच्या मानेमागे आतड्याकडून येणारी मोठी शीर आणि प्लीहेची शीर एकत्र येतात, तिथून यकृताकडे जाणारी पोर्टल व्हेन सुरू होते. मान कापण्याआधी मान आणि शीर यांच्यामधून वाट काढायची. शिरेच्या समोरच्या बाजूला सहसा फांद्या नसतात, म्हणून ती वाट मिळते. पेशंटच्या उजवीकडे जरा सरकलं की बारीक, नाजूक फांद्या. एखादी मुळापाशी फाटली की क्षणात पडदा लाल.

अद्वैत : पोट उघडलेलं असलं तर?

मावशी : बोटाने दाबून धरता येतं. शिवाय बोटाला ठोका कळतो, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. यकृताच्या उजव्या भागाची धमनी साधारण दहातल्या एकाची आडवळणाने येते. आतड्याच्या मुख्य धमनीतून निघून स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर चढते. पोट उघडं असेल तर पित्तनलिकेमागे बोट घातलं की तिची धडधड लागते. दुर्बिणीच्या लांब उपकरणातून ती कळणं कठीण. चुकून कापली गेली तर यकृताचं नुकसान होऊ शकतं आणि पित्तनलिकेचं टोकही रक्ताला मुकतं. मग तिथला जोड टिकायचा कसा?

अद्वैत : मग आधी कसं ओळखायचं?

मावशी : सीटी स्कॅनवर. शिरेतून औषध देऊन, धमन्यांचे फोटो वेगळे, शिरांचे वेगळे, पातळ काप घेऊन. सर्जनने स्वतः संगणकासमोर बसून ती धमनी एकेका कापातून उगमापर्यंत शोधत न्यायची. नुसता रिपोर्ट वाचून टेबलावर उभं राहू नये, हे माझं ठाम मत. कॅमेऱ्याचा फायदाही आहेच. तो खालून वर, स्वादुपिंडाच्या मागे डोकावतो आणि सगळं मोठं करून दाखवतो. पण काय दिसणार आहे हे आधीच माहीत असलेल्यालाच तो उपयोगी.

अद्वैत : दुर्बिणीने निकाल चांगले येतात का?

मावशी : कोइंबतूरच्या डॉ. पलानीवेलूंच्या गटाने 64 पेशंटांची तुलना 2017 मध्ये छापली. दुर्बिणीवाले साधारण 7 दिवसांत घरी, उघड्या ऑपरेशनचे 13 दिवसांत. नेदरलँड्समधली तशीच चाचणी मात्र मध्येच थांबवावी लागली. दुर्बिणीच्या 50 पैकी 5 दगावले, उघड्यातल्या 49 पैकी 1. आकडे लहान, योगायोगही असेल. पण पुढे जाणं त्यांना योग्य वाटलं नाही. कोइंबतूरच्या हातांना कित्येक वर्षांचा सराव होता, हे विसरू नकोस.

अद्वैत : उद्या डॉक्टरांना काय विचारू?

मावशी : वर्षाला किती व्हिपल करता, त्यातली दुर्बिणीतून किती? यांची यकृताची धमनी कुठून निघते? काय दिसलं तर पोट उघडाल? उत्तरं लगेच आणि नेमकी यायला हवीत. आणि स्कॅनची सीडी ने, नुसता कागद नको. बेळगावच्या स्कॅनचे काप जाड असतील तर पुन्हा करायला सांगतील. खर्चाकडे बघून नाही म्हणू नकोस.