आक्कांच्या ठेवीविषयी

चि. बाळास काकांचे अनेक आशीर्वाद.

फलज्योतिष, म्हणजे जन्मवेळच्या ग्रहस्थितीवरून माणसाच्या आयुष्यातील घटना वर्तविण्याची विद्या, खरे की खोटे हा या पत्राचा विषय नाही. तो वाद कै. दादांच्या हयातीत घरात पुरेसा होऊन गेला आहे. विषय एवढाच आहे की, ज्या ज्योतिषीबुवांकडे कुटुंबातील तीन पिढ्यांच्या पत्रिका आहेत, त्यांनी शुभ मुहूर्तावर शेअरबाजारात गुंतवणूक करून दरमहा ठरावीक परतावा देण्याच्या आश्वासनावर अनेकांकडून ठेवी घेतल्या, काही महिने परतावा दिला आणि मग हात वर केले, अशी तक्रार पोलिसांकडे गेली असून, तिच्या चर्चेत बाळाचेही नाव घेतले जात आहे. ते केवळ ठेवीदार म्हणून घेतले गेले असते तर हे पत्र लिहिण्याची घाई झाली नसती. ते मध्यस्थ म्हणून घेतले जाते, आणि आक्कांनी बँकेतील मुदत ठेव मोडून दिलेले पैसेही त्याच वाटेने गेल्याचे वाईहून कळते.

आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे बाळाचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. तांत्रिक आणि ज्योतिषी म्हणून दिल्लीच्या सत्तावर्तुळात वावरलेल्या चंद्रास्वामींवर इंग्लंडमधील लोणच्यांचे व्यापारी लखुभाई पाठक यांनी, सरकारी कंत्राटाचे आमिष दाखवून १९८३ मध्ये एक लाख डॉलर उकळल्याचा आरोप केला होता. त्या प्रकरणात १९९६ मध्ये चंद्रास्वामींना अटक झाली, माजी पंतप्रधान नरसिंह राव हेही आरोपी झाले, आणि २००३ मध्ये न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. बुवांचे समर्थक हा दाखला आवडीने देतील. परंतु त्याच दाखल्याची दुसरी बाजू अशी की, व्यवहारापासून निकालापर्यंत वीस वर्षे गेली आणि तक्रारदार पाठक तो निकाल ऐकायला हयात नव्हते. आक्का या माघात अठ्ठ्याहत्तर पूर्ण करतील, हे बाळाने विसरू नये.

दादांच्या आजारपणाचे भाकीत बुवांनी आधीच केले होते, हा घरातला नेहमीचा पुरावा. साडेसाती, म्हणजे जन्मराशीच्या मागच्या, त्या राशीतील आणि पुढच्या राशीतील शनीचे सुमारे साडेसात वर्षांचे भ्रमण, ही बारा राशींपैकी तिघींना कोणत्याही दिवशी चालूच असते. म्हणजे बुवांच्या ओसरीवर बसलेल्या दर चौघांपैकी सरासरी एकाला ती सांगता येते, आणि चौघांतल्या एकाच्या घरी आजारपण नसते असे सहसा घडत नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात २०० पत्रिका जमवून, त्यांतील कोणत्या हुशार मुलांच्या आणि कोणत्या मतिमंद मुलांच्या, हे ओळखण्याचे आव्हान ज्योतिषांपुढे ठेवले, तेव्हा प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांचे यश सरासरी ४६ टक्के भरले. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात. असे असूनही दादांना बुवांशी बोलून बरे वाटे, आणि त्या दिलाशाची दक्षिणा कोणालाच जड झाली नाही.

घोटाळा दक्षिणा आणि ठेव यांतील सीमारेषा पुसली गेल्याने झाला आहे. दक्षिणा दिली की संपली, ती परत मागायची नसते आणि तिची पावती कोणी मागत नाही. ठेवीला मात्र पावती, मुदत आणि परत मागण्याचा हक्क हे तिन्ही लागतात. बुवांनी ठेव घेतली ती दक्षिणेच्या ताटात, आणि आक्कांनी दिली तीही त्याच श्रद्धेने, हे उघड आहे. परंतु आक्का बुवांना वर्षातून एकदा भेटतात. पाच लाख रुपये त्यांनी बुवांच्या शब्दावर दिले की दादांच्या मुलाच्या, याचे उत्तर बाळाला ठाऊक आहे.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा येथे फारसा उपयोगी नाही, कारण ज्योतिषांनी दिलेला सल्ला त्या कायद्याने वगळला आहे. बाळाच्या मित्रांनी त्यावरून काढलेला ‘बुवांना कायद्याची भीती नाही’ हा निष्कर्ष मात्र अडाणीपणाचा आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, जो एमपीआयडी या आद्याक्षरांनी ओळखला जातो, ठेवी बुडविणाऱ्याची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटण्याची तरतूद करतो. केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा कायदा त्याहून पुढे जातो: तो अशी योजना चालविणाऱ्याइतकाच तिचा प्रचार करणाऱ्यालाही धरतो, आणि जाणूनबुजून खोटे आश्वासन किंवा भाकीत करून दुसऱ्याला तीत ओढणे हा त्याने गुन्हा ठरविला आहे. बाळाने काही जाणूनबुजून केले असेल असे काकांना क्षणभरही वाटत नाही. परंतु तक्रार झाल्यावरही जो माणूस सोसायटीतल्या लोकांना ‘गुरुपालट होईपर्यंत थांबा’ असे सांगत फिरतो, त्याच्या अजाणतेपणावर तपास अधिकाऱ्याने किती विश्वास ठेवावा? गुरू एका राशीत सुमारे वर्षभर राहतो. त्या सबबीने बुवांना वर्षाची सवड मिळते, आणि तेवढे वर्ष आक्कांच्या वाट्यातून कमी होते.

हे कठोर लिहिले गेले. बुवांच्या वडिलांनी एकेकाळी याच घरात आलेल्या एका स्थळाला मंगळाचा दोष काढून नकार देवविला, हे घरात कोणी बोलत नसले तरी सर्वांना माहीत आहे. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असलेली पत्रिका मंगळाची मानली जाते. बारा स्थानांपैकी पाच, म्हणजे जवळजवळ निम्म्या मुली त्यात सापडाव्यात, हा हिशेब त्या वेळच्या तरुणाला सहज करता आला असता. त्याने तो केला नाही, दादांपुढे एक प्रश्नही विचारला नाही, आणि पत्रिका परत पाठविली गेली. काकूंबरोबरचा संसार सुखाचा झाला, त्याविषयी तक्रार नाही. पण ती मुलगी पुढे कुठे गेली याची चौकशीही त्या तरुणाने केली नाही, ही रुखरुख मात्र उरली. बुवांपुढे बाळाची जीभ का उचलली नाही, हे काकांना म्हणूनच समजते.

तेव्हा बाळाने आक्कांच्या खात्याचा उतारा, बुवांना दिलेल्या धनादेशाचा क्रमांक आणि फोनवरील सर्व निरोप जपून ठेवावेत, एकही पुसू नये, आणि ज्यांना ज्यांना त्याने बुवांकडे नेले त्यांची नावे स्वतःच्या हाताने लिहून काढावीत. आर्थिक गुन्हे शाखेत आपण होऊन जावे. एकट्याने जाण्याचे कारण नाही, काका साताऱ्याहून पहिल्या एसटीने येतील. त्याआधी ओळखीच्या वकिलांना भेटावे, त्यांची फी काका देतील. आक्कांच्या औषधांचे पैसे निवृत्तिवेतनातून पाठविण्यास सुरुवात झाली आहे, ते बाळाने मनाला लावून घेऊ नये. आक्का पैशांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. बाळ फोन उचलत नाही, तो जेवतो की नाही, एवढेच त्या दोनदा विचारत होत्या. त्यांना आज रात्रीच फोन करावा. सूनबाईंना अजून काही सांगितले नसेल तर तेही आजच सांगावे, आणि पुढच्या रविवारी दोघांनी मुलांसह वाईला यावे. काका-काकू शनिवारीच तेथे पोहोचतील.

मुलांस अनेक आशीर्वाद. पत्र पोहोचल्याचे कळवावे.