पावसाळ्यात पेटी कशी सांभाळावी?

प्रश्न : आमचे भजनी मंडळ गडचिरोलीजवळच्या गावातले. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या अडकतात, काही स्वर उतरतात. काय करावे?

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून पट्ट्या अडकतात. त्या तासू नका. हवा कोरडी झाली की बहुतेक मोकळ्या होतात. स्वर उतरतो तो बहुधा आतल्या पितळी पातीवर धूळ किंवा कळक बसल्याने. मऊ, कोरड्या ब्रशने पात अलगद झाडा; तेल किंवा ओले फडके मुळीच नको. तरीही फरक पडला नाही, तर जाणत्या कारागिराकडेच जा. पातीचे टोक घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो; पण घासलेले पितळ परत येत नाही.

पेटी भिंतीपासून दूर, फळीवर, भाता मिटून ठेवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा लाकूड आकसते, फटींतून हवा गळते. म्हणून पत्र्याखाली पेटी ठेवू नका. दिवाळीनंतर तुमच्या झाडीपट्टी भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो, कारागीर गुंततात. दुरुस्ती त्याआधीच उरका. आणि पेटी रोज थोडा वेळ वाजवा, म्हणजे बिघाड लवकर कळतो.