पुस्तक माझं, स्कॅन कंपनीचं?

प्रश्न : माझ्या कथासंग्रहातल्या ओळी गूगल बुक्सवर दिसतात. माझी परवानगी कुणी घेतली नाही. ही चोरी नव्हे का?

उत्तर : नैतिक प्रश्न रास्त आहे, कायद्याचं उत्तर मात्र देशागणिक बदलतं. गूगलने २००४ मध्ये ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन करण्याची मोहीम जाहीर केली, तीही लेखकांना न विचारता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या 'ऑथर्स गिल्ड' या लेखक-संघटनेने गूगलवर दावा लावला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ही मोहीम 'फेअर यूज', म्हणजे परवानगीविनाही चालणारा रास्त वापर, ठरवली. कारण शोधल्यावर पानाचे तुकडेच दिसत आणि दर दहा पानांतलं एक कायम झाकलेलं असे; अख्खं पुस्तक फुकटात हाती लागत नव्हतं.

भारतीय कॉपीराइट कायद्यात इतकी ऐसपैस सवलत नाही. कलम ५२ मध्ये अपवाद मोजून दिले आहेत. तुमच्या बाबतीत प्रकाशकानेच मजकूर गूगलला दिलेला असू शकतो. म्हणून आधी करारनामा काढा. हक्क किती वर्षांसाठी दिले हे त्यात लिहिलं नसेल, तर कायदा पाचच वर्षं धरतो. हक्क तुमच्याकडेच असतील, तर पुस्तक काढून टाकण्याची मागणी गूगलकडे लेखी करा. यापुढे डिजिटल हक्कांचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका.